मल्लोजीअण्णांनी नाकारलेली नाल

मल्लोजीअण्णा पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती. एका तपकिरी घोड्याचा पुढचा पाय त्यांनी आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरला होता, तोंडात चार खिळे होते आणि मी मागून येत होते. खिळे तसेच ओठांत ठेवून ते म्हणाले, “डॉक्टरम्मा, स्वल्प थांबा. ह्याला आज मागून आलेलं चालत नाही.”

मी थांबले नाही. नोकरीचा दुसरा दिवस होता, आणि घोड्याजवळ कसं जायचं हे नालबंदानं मला शिकवावं हे मला काही पटलं नव्हतं. तेवढ्यात त्या घोड्याचा मागचा पाय माझ्या कमरेच्या अगदी जवळून गेला आणि फळीवर आदळला. फळी उभी चिरली. अण्णांनी हातातला पाय सोडला नाही, आवाजही चढवला नाही. एक खिळा ठोकला, दुसरा ओठांतून काढला आणि म्हणाले, “या आता. झालं त्याचं.”

मी परभणीला जनावरांची डॉक्टर झाले आणि लग्नानंतर बंगळुरूला आले. नवऱ्याचं ऑफिस बेळ्ळंदूरला, घरही तिथंच, बाराव्या मजल्यावर. त्या भागात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ होते, पण मला मोठी जनावरं हवी होती. आनेकलच्या अलीकडे, निलगिरीच्या झाडांमागे, शर्यतीच्या घोड्यांचा एक फार्म होता. दमलेले, दुखावलेले घोडे तिथं विश्रांतीला यायचे, दोन-तीन महिन्यांत पुन्हा पळायला तयार होऊन शहरात परत जायचे. तिथं मला नोकरी मिळाली. रस्त्यावरच्या गर्दीला चुकवायचं म्हणून मी पहाटे साडेचारला निघायची. पाचला पोचले की तबेल्यात मोतद्दार एकेका घोड्याचं तापमान घेत असायचे, रात्रीच्या दाण्यातलं किती उरलं ते बघत असायचे. मग मी प्रत्येकाचे चारही पाय हातानं चाचपायची. कुठं गरम लागतंय का, कुठं सूज आहे का. त्यानंतर चालवणं, मग दुडकी, मग रेतीच्या गोल मैदानावर पळवणं, मग अंगावरचा घाम सुकेपर्यंत पुन्हा चालवणं, पायांवर थंड पाण्याची धार, ओल्या मातीचा लेप, पट्ट्या. शर्यत दोन मिनिटांचीसुद्धा नसते. तिच्यामागं हे असे महिने असतात.

अण्णा साठीच्या पुढचे होते. उंचीनं लहान, पाठ कायमची वाकलेली, आणि त्या अंगाला न शोभणारी जाड मनगटं. जुन्या खोगिराचं चामडं कापून शिवलेला एप्रन ते कमरेला बांधत. त्यांच्या अंगाला जळलेल्या खुराचा वास असे आणि तो रविवारीही जात नसणार. त्यांचे पूर्वज कधीतरी घोड्यांबरोबर या मुलखात आले आणि राहिले, एवढंच त्यांना माहीत होतं. महाराष्ट्र त्यांनी पाहिला नव्हता. बसवनगुडीतल्या एका मागच्या गल्लीत ते आणि त्यांची बायको राहत. तिथून दोन बस बदलून ते यायचे, डब्यात बहुतेक वेळा चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. मोतद्दारांशी कानडी, स्वारांशी हिंदुस्तानी, आणि मराठी फक्त घरी. आणि घोड्यांशी. “बस की रे आता, किती नखरे,” असं ते घोड्याच्या पोटाखालून बोलत. मी आल्यावर फार्मवर त्यांच्या मराठीला तिसरी जागा मिळाली, असं ते म्हणाले होते. घोड्यांनंतर माझा नंबर लागला याचा मला तेव्हा राग आला होता.

त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. जुनी नाल काढली की ती ते भंगाराच्या बादलीत टाकत नसत. आधी एप्रनला पुसायची, उजेडाकडे धरायची, अंगठा कडेवरून फिरवायचा. मग दुसऱ्या पायाची नाल तिच्या शेजारी ठेवायची. नव्वद टक्के वेळा ती नंतर बादलीत जायची. पण कधीकधी ते नाल हातात घेऊन उठत आणि कुणाकडे तरी चालत यायला लागत. चालणं सावकाश, कारण पाठ लवकर सरळ व्हायची नाही. ते असे येताना दिसले की फार्मवरची माणसं बोलायची थांबत. देवय्या सर, म्हणजे फार्मचे मालक आणि घोड्यांना तयार करणारे, तर सरळ फोन कानाला लावत. त्या चालण्यातून चांगली बातमी आलेली कुणाला आठवत नव्हती.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते कॅप्टन नावाच्या घोड्यासाठी.

“हा पाय चोरतोय,” नाल माझ्यापुढं धरत ते म्हणाले. “डावा पुढचा. बघा की, नालेचं टोक घासलंय. पाय पूर्ण उचलत नाही, फरफटतोय.”

मी कॅप्टनला चालवून पाहिलं, दुडक्या चालीनं पळवून पाहिलं. तो सरळ चालत होता. एक्स-रे काढला, काही नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं.

“सरी, बरं,” ते म्हणाले. “फोटोत नाही. पायात आहे.”

आठ दिवसांनी सकाळी कॅप्टन तीन पायांवर उभा होता. खुराच्या आत खोल पू झाला होता. तो काढताना अण्णांनीच पाय धरला. ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही काळजी होती की मीच म्हटलं, “अण्णा, बरा होईल हा. आठवड्यात चालेल.”

“हा होईल,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून मीही त्यांच्या चालण्याकडे लक्ष ठेवायला लागले.

पण ते नेहमी बरोबर असत असं नाही, आणि हे सांगायलाच हवं. पुढच्या हंगामात शिकारी नावाचा एक उमदा घोडा आला. अण्णा त्याची नाल घेऊन थेट देवय्या सरांकडे गेले आणि ह्याला पळवू नका म्हणाले. कॅप्टनची गोष्ट ताजी होती, म्हणून सरांनी ऐकलं. शिकारी दीड महिना नुसता चालत राहिला. मी त्याच्या पायांचे सगळ्या बाजूंनी एक्स-रे काढले, नसा सोनोग्राफीनं पाहिल्या, काहीच सापडलं नाही. त्याचा मालक वैतागला आणि घोडा दुसरीकडे घेऊन गेला. तिथं तो महिन्याभरात दोन शर्यती जिंकला.

देवय्या सर ऐरणीजवळ आले. ते मूळचे कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, उंच, कमी बोलणारे. आमच्याशी हिंदीत बोलत. “अण्णा,” ते म्हणाले, “तुमच्या एका नालेमुळे माझ्या हातचा घोडा गेला.”

“पळाला ना चांगला?” अण्णांनी विचारलं. “पायाला काही नाही झालं ना?”

“काही नाही.”

“मग बरं झालं,” अण्णा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यानंतर अण्णांचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

शर्यतीच्या दिवशी अण्णा कधी मैदानावर गेले नाहीत. टीव्हीवरही पाहत नसत. घोडे व्हॅनमध्ये चढले की ते आपल्या शेडमध्ये बसत, भट्टी न पेटवता. हातात काही काम नाही, फोन बंद. संध्याकाळी व्हॅनचा आवाज आला की उठून फाटकापाशी जात आणि उतरणारे घोडे मोजत. किती पळाले, कितवे आले, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सगळे उतरले की ते बसला जात.

एकदा मी कारण विचारलं. ते एका खुराला कानस मारत होते. कानस थांबली नाही.

“मी तीसचा असेन. दुसऱ्या एका मोठ्या तबेल्यात होतो. एका घोड्याची नाल बघितली आणि मला कळलं. तिथले साहेब फार तापट होते. उगाच शिव्या कशाला खायच्या म्हणून गप्प बसलो. तो घोडा वळणावर पडला. वर स्वार मुनिराजू होता.” कानस दोन-तीनदा फिरली. “त्याची मान मोडली.”

ते म्हणाले, “तेव्हापासून दिसलं की सांगतो. लोकांना त्रास होतो, ठाऊक आहे मला.”

हे सगळं मला नीलांबरीच्या आधीच माहीत होतं. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

नीलांबरी चार वर्षांची, काळपट रंगाची घोडी. फार्मवर ती पायाच्या नसेच्या सुजेवर उपचार घ्यायला आली होती, आणि बरी झाल्यावर अशी काही पळायला लागली की देवय्या सर सकाळी तिच्यासाठी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहू लागले. दाणा चाटूनपुसून खायची. रक्ताचे रिपोर्ट वाचताना मला आनंद व्हायचा. उन्हाळी हंगामातल्या मोठ्या शर्यतीत तिला उतरवायचं ठरलं. फिरोज हा स्वार तिला रोज पळवायचा आणि शर्यतीतही तोच बसणार होता. तिशीचा, शांत माणूस. त्याला नुकतीच मुलगी झाली होती.

शर्यतीला तीन आठवडे होते. मी औषधांच्या खोलीत होते आणि खिडकीतून अण्णा येताना दिसले. हातात नाल होती. ते दारात थांबले, चपला काढून आत आले आणि नाल टेबलावर ठेवली.

“नीलांबरी,” ते म्हणाले. “उजवा पुढचा. टोक घासलंय.”

फार नव्हतं. दाखवलं नसतं तर मला दिसलंही नसतं. मी घोडीला चालवून, पळवून पाहिलं. पाय दाबून पाहिले, हातोडीनं खूर वाजवून पाहिला. तिनं कान हलवला, एवढंच. उजव्या पायाचे चार बाजूंनी एक्स-रे काढले. स्वच्छ होते.

“दहा दिवस नुसती चालवा तिला,” अण्णा म्हणाले. “मग परत फोटो काढा. बारीक तडा असला तर लगेच दिसत नाही. तुम्हीच सांगितलेलं मला.”

खरं होतं, मीच सांगितलं होतं. पण दहा दिवस नुसतं चालवायचं म्हणजे शर्यत सोडायची. मी देवय्या सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं.

“डॉक्टर, घोडी लंगडतेय?”

“नाही.”

“एक्स-रेत काही आहे?”

“नाही.”

“मग तुमचं स्वतःचं मत काय आहे? अण्णांचं नको, तुमचं.”

माझं मत. माझ्यासमोर शिकारी होता, दीड महिना उगाच उभा ठेवलेला. माझ्यासमोर चार स्वच्छ एक्स-रे होते. मी म्हणाले, “मला काही सापडलेलं नाही.” ते वाक्य मी आजही मनात उलटसुलट करून बघते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आठवड्यानं अण्णांनी पुन्हा सांगितलं आणि मी पुन्हा उजव्या पायाचे एक्स-रे काढले. पुन्हा स्वच्छ. घोडी पहिल्यापेक्षा वेगानं पळत होती. मी कागदावर सही केली, घोडी पळण्यास योग्य आहे.

त्या दिवसांत अण्णांचं बोलणं कमी झालं. डबा उघडायचे आणि अर्धा तसाच बंद करायचे. सकाळी नीलांबरी मैदानावर गेली की ते शेडबाहेर पाठमोरे उभे राहत आणि तिच्या टापा ऐकत. डोळे मिटलेले. ती थांबेपर्यंत त्यांच्या हातातली कानस तशीच वर धरलेली असायची. एक दिवस मी विचारलं, “काय ऐकता अण्णा?”

“चार ऐकू यायला हव्यात,” ते म्हणाले. “साडेतीन ऐकू येतात.”

मीही ऐकलं. मला चार ऐकू आल्या.

शर्यत रविवारी होती. रोजच्या सरावाच्या नाला लोखंडी असतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्या काढून ॲल्युमिनियमच्या हलक्या नाला मारतात. शनिवारी सकाळी मोतद्दारानं नीलांबरीला शेडपुढं आणून उभं केलं. अण्णांनी लोखंडी नाला काढल्या, चारही खूर साफ केले, तासून सारखे केले. मग नवी नाल हातात घेतली, खुराला लावून बघितली आणि खाली ठेवली. पकड, हातोडा, सुरी एकेक करून पेटीत ठेवली. एप्रन सोडला.

देवय्या सर बोलावल्यावर आले.

“मी ही नाल मारत नाही,” अण्णा म्हणाले.

“का?”

“मला मारता येत नाही. तुम्ही दुसरं कुणी आणा.”

“चाळीस वर्षं तुम्ही हे काम करताय. तुम्हाला मारता येत नाही?”

“सर, तिचा पाय माझ्या हातात आहे आत्ता. उद्या नसणार. म्हणून आत्ताच सांगतो.”

देवय्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी सही मागे घेता आली असती. एक वाक्य पुरलं असतं. पण घोडी माझ्यासमोर उन्हात उभी होती, अंग चमकत होतं, चारही पायांवर सारखा भार होता, आणि शिकारीच्या वेळेसारखं मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. मी खाली बघितलं.

“सरी अण्णा,” देवय्या सर म्हणाले. “मग उद्यापासून येऊ नका.”

आनेकलहून दुसरा नालबंद आणला. मंजुनाथ नावाचा, चाळिशीतला, हात चांगला. अण्णा गेले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं, पण ते थांबले. त्यांनी घोडीचं डोकं धरलं आणि तिच्याशी मराठीत काहीबाही बोलत राहिले. मंजुनाथचा प्रत्येक खिळा त्यांनी बघितला. “टाचेकडचा थोडा बाहेर घे,” असं त्याला एकदाच कानडीत सांगितलं. काम झाल्यावर त्यांनी चारही पाय स्वतः उचलून पाहिले आणि मान हलवली.

जायच्या आधी ते फिरोजला भेटले. मी तिथंच होते.

“ती बिघडली तर आधी कान मागं घेईल,” ते त्याला म्हणाले. “मग आवाज बदलेल. तेव्हा थांबव. रिकिबीत पाय आत खुपसू नको.”

“अण्णा, मधेच थांबवली आणि घोडी धडधाकट निघाली तर माझी चौकशी लागेल. मला पुन्हा कोण बसवेल?”

“ते आहेच,” अण्णा म्हणाले. “मुलीचं नाव काय ठेवलं?”

“आयेशा.”

“छान आहे,” म्हणाले, आणि पेटी उचलून फाटकाकडे चालायला लागले.

रविवारी मी मैदानावर होते. ऊन स्वच्छ होतं, गर्दी होती. शर्यतीआधी फिरवताना नीलांबरी इतकी सुंदर दिसत होती की लोक तिच्याकडे बोट दाखवत होते. ती सुटली चांगली. अर्ध्या अंतरापर्यंत तिसरी होती. वळणावर शिरताना मला दुर्बिणीतून तिचे कान दिसले. ते मागं गेले. एवढ्या लांबून टापांचा आवाज येणं शक्यच नव्हतं. पण फिरोजनं त्याच क्षणी मान वर घेतली, लगाम ओढला आणि तिला बाहेरच्या बाजूला काढायला लागला. मागचे घोडे आतून निघून गेले. ती आणखी चार-पाच ढांगा गेली. मग पुढून खाली बसल्यासारखी झाली आणि उलटली.

मी धावले. पोचेपर्यंत फिरोज गवतावर बसला होता, खांदा धरून, तोंड पांढरं पडलेलं. त्याचे पाय रिकिबीतून आधीच सुटले होते, म्हणून तो तिच्याखाली आला नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी तो धड होता. नीलांबरी उठून उभी राहिली होती. तीन पायांवर. चौथा खुरावरच्या सांध्याच्या वर नुसता लोंबत होता. तिथले डॉक्टर आले, हिरवा पडदा उभा राहिला. मी तिच्या मानेवर हात ठेवला. करण्यासारखं एकच उरलं होतं आणि ते त्यांनी लगेच केलं.

संध्याकाळी मी व्हॅनमधूनच परत आले. फार्मच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, अण्णा उभे होते. आत यायची त्यांना परवानगी नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. व्हॅन थांबली तसे ते मागच्या बाजूला गेले. खिट्टी काढून त्यांनी स्वतः दार उघडलं. आत घासाची पेंडी होती आणि पाण्याची बादली. ते बघत राहिले.

“फिरोज?” त्यांनी विचारलं.

“खांद्यावर निभावलं. घरी जाईल दोन दिवसांत.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “पायच मोडला ना? उजवा.”

“डावा,” मी म्हणाले.

मी त्यांना घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. ते दाराला धरून उभे राहिले. डाव्या पायाकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं. उजवा दुखत होता, म्हणून ती उजवा चोरत होती. चोरलेला भार कुठंतरी जायला हवा होता, तो तीन आठवडे डाव्यावर जात राहिला. नंतर जो अहवाल आला त्यात तेच होतं. उजव्या खुरात किरकोळ दुखापत, जी विश्रांतीनं गेली असती. डाव्या नळीच्या हाडात जुना, बारीक तडा.

“मी उजवा म्हणालो,” ते म्हणाले. “तुम्ही दोनदा फोटो काढले. मी डावा म्हणालो असतो तर डाव्याचे काढले असते.”

“अण्णा, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. एक पाय दुखला की दुसरा बघायचा. ते मला कळायला हवं होतं.”

त्यांनी माझं ऐकलं की नाही मला माहीत नाही. “चाळीस वर्षं,” ते म्हणाले, “एका वेळी एकच पाय हातात घेतला मी.” मग बस आली आणि ते चढले.

त्यानंतरचं एक सांगितलं पाहिजे. घोडीचा मालक फार संतापला होता. फार्मवर बैठक झाली, माझं म्हणणं घेतलं. अण्णांनी दोनदा बजावलं होतं आणि मी दोन्ही वेळा एकाच पायाचे एक्स-रे काढले, हे मी लिहून दिलं. पण मालकाला हे नको होतं आणि देवय्या सरांनाही ते अडचणीचं होतं. एक सोपा रस्ता होता. आदल्या दिवशी नाल मारणारा माणूस नवा होता. अण्णांना बोलावलं गेलं. मंजुनाथचे खिळे चुकले होते एवढं त्यांनी म्हटलं असतं तर सोमवारपासून त्यांची शेड त्यांची होती. देवय्या सरांनी हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलं, आणि त्यांचा आवाज विनंतीचा होता. त्यांना अण्णा परत हवे होते, हे मला दिसत होतं.

अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. “नाल बरोबर होती,” ते म्हणाले. “चारही मी बघितल्या. माझ्यापेक्षा बरी मारली त्यानं.”

“विचार करा अण्णा.”

“ह्यात विचार काय करायचा, सर.”

मंजुनाथ बाहेर निलगिरीच्या सावलीत मोटरसायकलवर बसला होता. अण्णा त्याच्याजवळून गेले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि फाटकाबाहेर पडले. आत काय बोलणं झालं ते त्याला पुढंही कुणी सांगितलं नसावं. दोन महिन्यांनी मीही ती नोकरी सोडली. आता मी सरजापूरकडच्या डेअऱ्यांतल्या गाई-म्हशी बघते. एक पाय दुखतोय म्हणून बोलावलं तरी चारही बघते, आणि शेतकरी घड्याळाकडे बघायला लागतात.

अण्णांना मी बसवनगुडीत एकदा शोधलं होतं. घर सापडलं, कुलूप होतं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, काम बघायला जातात सकाळी, कुठं ते सांगत नाहीत.

मग गेल्या डिसेंबरमध्ये, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मी नवऱ्याबरोबर त्याच भागातून गाडीनं चालले होते. पुढं लग्नाची वरात होती आणि सगळा रस्ता अडला होता. बँड, नाचणारी माणसं, मधे पांढऱ्या घोडीवर झालर लावलेल्या फेट्यातला नवरदेव. घोडीच्या मागून एक वाकलेला माणूस चालत होता. त्याला नाचायचं नव्हतं हे लांबूनही कळत होतं. त्याची मान एका बाजूला कललेली होती. त्या बँडच्या गोंगाटात तो काहीतरी ऐकत होता.

मी काच खाली केली. तेवढ्यात अण्णा पुढं गेले, घोडी धरणाऱ्याच्या दंडाला हात लावला आणि तिला उभं केलं. बँड आणखी थोडा वाजला आणि एकेक वाद्य बंद पडलं. कुणीतरी कानडीत, कुणीतरी हिंदीत बोलायला लागलं. मुहूर्ताची वेळ झाली होती, मुलीकडचे वाट बघत होते. एक जाड माणूस अण्णांच्या तोंडासमोर बोट नाचवत होता. अण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. ते नवरदेवाशी बोलत होते, खाली उतर म्हणून सांगत होते बहुतेक, कारण तो गोंधळून आजूबाजूला पाहत होता.

“ओळखतेस?” नवऱ्यानं विचारलं.

मी दार उघडायला गेले, पण मागून हॉर्न सुरू झाले. पोलिसानं डावीकडची बाजू मोकळी केली आणि आम्हाला हात केला. गाडी सरकली. मी मान वळवून बघत होते. नवरदेव खाली उतरून रस्त्यात उभा होता, हातात नारळ घेऊन. अण्णा घोडीचा उजवा पाय मांडीवर घेऊन वाकले होते. तो त्यांनी हलकेच खाली ठेवला, तिच्या पुढून वळसा घातला आणि डावा उचलला.